ठोसा आणि मूठभर बियाणं

तुम्ही हे मीम पाहिलेलं असणार. चामड्याचं जॅकेट घातलेला, दगडातून कोरल्यासारखा एक माणूस शत्रूकडे पाठ फिरवतो आणि त्याला शांतपणे कळवतो की तू केव्हाच मेला आहेस, तुला फक्त ते कळलेलं नाही. शत्रू किंचाळतो, 'नानी?!' (इथे आजीचा काही संबंध नाही. जपानीत 'नानी' म्हणजे 'काय?') पुढच्या क्षणी त्याचं डोकं फुटतं. २०१७ मध्ये यावर एक छोटंसं गाणं निघालं, मग ते टिकटॉकवर गेलं, आणि मूळ चित्रकथेचं एक पानही न वाचलेल्या लाखो लोकांना हा माणूस ओळखीचा झाला.

त्याचं नाव केनशिरो. चित्रकथेचं नाव 'होकुतो नो केन', इंग्रजीत 'फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार'. 'होकुतो' म्हणजे उत्तरेकडचे सात तारे, आपले सप्तर्षी. 'केन' म्हणजे मूठ.

मराठीत 'मूठ' या शब्दाला दोन बाजू आहेत. एक मूठ मारायला उगारतात आणि दुसरीत धान्य धरतात. पेरणीला निघालेला शेतकरी चाड्यावर मूठ धरतो, ती ही दुसरी. ही कथा दोन्ही मुठींची आहे. पण गेली चाळीस वर्षं जगभरात तिची जी रूपांतरं झाली, त्यांतल्या बहुतेकांनी पहिलीच मूठ उचलली. दुसरीचं काय झालं, हे बघण्यासारखं आहे.

सप्टेंबर १९८३

१ सप्टेंबर १९८३. न्यूयॉर्कहून सोलकडे निघालेलं दक्षिण कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते साखालिन बेटाजवळ पाडलं. २६९ माणसं गेली. जपानच्या उत्तर टोकाला असलेल्या वाक्कानाई इथल्या जपानी केंद्राने सोव्हिएत वैमानिकाचं बोलणं टिपलं होतं. त्या ध्वनिफिती पाच दिवसांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत जगाला ऐकवण्यात आल्या.

२६ सप्टेंबर १९८३. मॉस्कोजवळच्या एका केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव्ह हा सोव्हिएत अधिकारी रात्रपाळीला होता. अमेरिकेने अण्वस्त्रं डागल्याचा इशारा संगणकाने दिला. पेत्रोव्हने तो चुकीचा ठरवला आणि तो खरोखरच चुकीचा निघाला. जगाला हे कळायला पुढे कित्येक वर्षं जावी लागली.

या दोन तारखांच्या बरोबर मध्ये, १३ सप्टेंबरला, 'शोनेन जम्प' या जपानी साप्ताहिकाचा ४१ वा अंक बाजारात आला. त्यात एक नवी मालिका सुरू होत होती. साल लिहिलं होतं '१९९ एक्स'. अणुयुद्धाच्या ज्वाळांनी जग होरपळलं, समुद्र आटले, जमीन भेगाळली. माणूस मात्र संपला नाही, अशी तिची सुरुवात होती.

या योगायोगामागे कुणाची दिव्यदृष्टी नव्हती. ही भीती तेव्हा हवेतच होती. नॉस्त्रादामसच्या भाकितांवरचं बेन गोतो यांचं पुस्तक १९७३ मध्ये जपानात धडाधड खपलं होतं आणि १९९९ मध्ये जग संपणार हे तिथल्या शाळकरी मुलांना पाढ्यांसारखं पाठ होतं. '१९९ एक्स' हे साल तिथे कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. शिवाय अणुबॉम्ब ही जपानी वाचकासाठी कल्पना नव्हतीच. हिरोशिमाला तेव्हा अडतीस वर्षं झाली होती. ज्यांनी ते पाहिलं ते अजून घराघरांत होते.

लेखकाचाही एक धागा इथे जुळतो. मालिकेचा लेखक 'बुरोन्सन' हे टोपणनाव आहे, चार्ल्स ब्रॉन्सन या हॉलिवूडच्या नटावरून घेतलेलं. खरं नाव योशियुकी ओकामुरा. जन्म १९४७ चा, नागानो प्रांतातला. चित्रकथांमध्ये येण्याआधी तो जपानच्या हवाई स्वसंरक्षण दलात रडार दुरुस्त करणारा तंत्रज्ञ होता. आकाशातून काय येऊ शकतं, याकडे डोळे लावून बसलेल्या यंत्रणेत त्याची उमेदीची वर्षं गेली होती.

दहा आठवड्यांचं आयुष्य

चित्रकार तेत्सुओ हारा मात्र अगदी पोरसवदा होता. मालिका सुरू झाली तेव्हा त्याने नुकतीच बावीस वर्षं पूर्ण केली होती. त्याआधीची त्याची मोटोक्रॉस शर्यतींवरची मालिका दहा आठवड्यांत गुंडाळण्यात आली होती.

'जम्प'चा खाक्याच तसा होता. प्रत्येक अंकात वाचकांसाठी एक पोस्टकार्ड असे. कोणत्या गोष्टी आवडल्या ते वाचकांनी कळवायचं. खालच्या क्रमांकावर रेंगाळणाऱ्या मालिकेला दहाएक आठवड्यांत नारळ मिळे, मग लेखक कितीही नावाजलेला असो. आज रील तीन सेकंदांत पुढे सरकवली जाते, तसाच हा प्रकार, फक्त टपालाने चालणारा. या कडक चाळणीच्या बळावर हे साप्ताहिक वाढत गेलं आणि १९९५ च्या सुरुवातीला एका अंकाच्या ६५ लाख ३० हजार प्रतींपर्यंत पोचलं.

पहिली मालिका पडलेल्या हाराला संपादक नोबुहिको होरिए यांनी सोडलं नाही. शरीरावरची गुप्त स्थानं दाबून शत्रूला आतून फोडणारी युद्धकला, या कल्पनेवर १९८३ च्या वसंतात हाराने 'फ्रेश जम्प' या मासिकात एक सुटी गोष्ट काढली. तिच्यात आजचंच जग होतं आणि नायक एक विद्यार्थी होता. वाचकांनी ती उचलून धरली. पण दर आठवड्याला वीसेक पानं काढायची आणि कथाही रचायची, हे एकट्या हाराच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून बुरोन्सनला जोडीला घेतलं गेलं.

बुरोन्सन आला आणि गोष्टीचा पायाच बदलला. शाळकरी नायक गेला. त्याच्या जागी भूतकाळाने पोळलेला प्रौढ माणूस आला. शहर गेलं, वाळवंट आलं. 'मॅड मॅक्स २' या १९८१ च्या ऑस्ट्रेलियन चित्रपटातून मोटारसायकली आणि टोळ्या आल्या. ब्रूस लीकडून घोटीव देह आला आणि ती चिरकी आरोळी आली. उसनवारी उघड होती, लपवायचा प्रयत्नही नव्हता. या सगळ्यावर बुरोन्सनने काय पेरलं, ते मात्र त्याचं स्वतःचं होतं.

पैसा, पाणी आणि बियाणं

पहिल्याच प्रकरणात एक टोळी वाटसरूंना मारते. अन्न आणि पाणी घेते. मग मेलेल्यांच्या सामानात नोटांची गड्डी सापडते. गुंड पोट धरून हसतात. या कागदाने आता ढुंगण पुसायचीही सोय नाही! नोटा वाऱ्यावर उडतात.

हे छापून आलं तेव्हा जपान श्रीमंतीच्या शिखराकडे निघाला होता. वाचणारी मुलं नव्या सोनी वॉकमनची स्वप्नं बघत होती. त्यांना एका पानात सांगून टाकलं की तुमच्या आईवडिलांनी रात्रंदिवस खपून जमवलेलं हे सगळं एका सकाळी कचरा होऊ शकतं.

त्याच पहिल्या प्रकरणात रिन नावाची लहान मुलगी भेटते. आईवडिलांना डोळ्यांसमोर मारलेलं पाहून तिची वाचा गेली आहे. केनशिरो तिच्या शरीरावरचं एक स्थान दाबतो, पुढे तिला आवाज परत मिळतो. ज्या विद्येने डोकी फुटतात, तीच विद्या एका मुलीला बोलती करते. मीममध्ये हे येत नाही.

आणि मग सुरुवातीच्या प्रकरणांतच येतो मिसुमी नावाचा म्हातारा. लांबून, जीव मुठीत धरून, तो एक पिशवी घेऊन आपल्या गावाकडे निघालेला असतो. पिशवीत बियाण्याचं भात असतं. गावात लोक उपाशी आहेत. तरी हे खायचं नाही, असं त्याचं म्हणणं. आज खाल्लं तर आजच संपेल. पेरलं तर दर वर्षी येईल, आणि मग घासभर अन्नासाठी माणसं एकमेकांचे गळे धरणार नाहीत. त्याला आजच्यापेक्षा उद्याची काळजी आहे.

दुष्काळ पाहिलेल्या कुठल्याही मराठी घराला हे समजावून सांगावं लागणार नाही. बियाणं दळून खायची वेळ येणं म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होतं. त्या दिवशी पोट भरतं आणि पुढचं वर्ष मरतं.

मिसुमीला टोळी मारते. केनशिरो टोळीला संपवतो, ते त्याला सोपं आहे. अवघड काम त्यानंतरचं. तो म्हाताऱ्याला पुरतो आणि त्याच्या थडग्यावर ते भात पसरतो. अशा ओसाड जमिनीत उगवणार काय? केनशिरोला खात्री आहे, कारण खाली मिसुमी झोपलेला आहे.

हे बियाणं आलं कुठून, याचा एक धागा त्याच साप्ताहिकात सापडतो. १९७३ मध्ये 'शोनेन जम्प'मध्येच केइजी नाकाझावा यांची 'हादाशी नो गेन' ही मालिका सुरू झाली होती. नाकाझावा स्वतः हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेले. सहा वर्षांचे असताना त्यांनी वडील, बहीण आणि भाऊ गमावले. त्यांच्या गोष्टीतला बाप मुलांना गव्हाच्या रोपाकडे बोट दाखवून शिकवतो की तुडवलं गेलं तरी ताठ उभं राहायचं. १९८३ च्या जुलैत त्या मालिकेवरचा ॲनिमेशनपट जपानात प्रदर्शित झाला आणि दोन महिन्यांनी केनशिरो आला. एका मालिकेत घडून गेलेला बॉम्ब, दुसरीत घडू शकणारा. दोन्हींत राखेवर धान्य आहे. बुरोन्सनने ते तिथून घेतलं, असा दावा मी करणार नाही. पण हे साप्ताहिक वाचत मोठ्या झालेल्या पिढीला त्या दाण्याचा अर्थ वेगळा सांगायची गरज नव्हती.

सप्तर्षींजवळचा बारका तारा

केनशिरोच्या युद्धकलेचं नाव 'होकुतो शिनकेन'. शरीरात ७०८ गुप्त स्थानं आहेत आणि ती जाणणारा माणूस जीव घेऊ शकतो तसाच देऊही शकतो, ही तिची कल्पना. आपल्याला हे फार परकं वाटत नाही. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मं सांगितली आहेत आणि केरळच्या कलरीपयट्टूत मर्मविद्या आजही शिकवली जाते. चिनी वैद्यकातून जपानात गेलेल्या नाड्यांच्या शास्त्राला बुरोन्सनने चित्रकथेत ताणून धरलं, इतकंच.

ताऱ्यांचा भाग आणखी मजेशीर आहे. चिनी परंपरेत उत्तरेचे सात तारे मृत्यूची नोंद ठेवतात आणि दक्षिणेचे, म्हणजे आपल्या धनू राशीतले, सहा तारे जन्माची. म्हणून कथेत होकुतोच्या समोर 'नान्तो' नावाची सहा योद्ध्यांची परंपरा उभी आहे. केनशिरोच्या छातीवर सप्तर्षींच्या आकाराच्या सात जखमा आहेत. त्या केल्या त्याच्याच मित्राने, नान्तोच्या शिनने. शिनला केनशिरोची वाग्दत्त वधू युरिया हवी होती.

सप्तर्षींमधल्या एका ताऱ्याला चिकटून एक बारका तारा आहे. आपण त्याला अरुंधती म्हणतो आणि लग्नात नवरा-नवरीला दाखवतो. चरकसंहितेत या ताऱ्याबद्दल एक अशुभ खूणही नोंदवली आहे: सप्तर्षींजवळची अरुंधती ज्याला दिसेनाशी होते, त्याचं वर्षभराने काही खरं नाही. जपानी लोकसमजुतीतही हा आयुष्याचा तारा आहे. दिसला नाही, तर मरण जवळ आलं.

बुरोन्सनने ही समजूत उलटी केली. त्याच्या जगात हा तारा ज्याला दिसतो, तो वर्षभरात मरतो. केनशिरोचा मित्र रेई एका रात्री वर बघतो आणि त्याला तो दिसतो. शांत, झगमगीत. वाचकाला त्या क्षणापासून माहीत असतं की हा आता जाणार.

उलटवण्यामागे तर्कही दिसतो. जुन्या समजुतीत मरण म्हणजे दृष्टी मंदावणं, म्हातारपण. अणुयुद्धानंतरच्या जगात म्हातारं कुणी होतच नाही. तिथे धडधाकट, तीक्ष्ण डोळ्यांची माणसंच मरतात.

दुःखाची विद्या

केनशिरो रडतो. मोठ्या मोठ्या थेंबांनी, पानभर रडतो. १९८० च्या दशकातल्या मारधाडीच्या नायकांत हे क्वचितच दिसतं. ज्यांना मारतो, त्यांच्यातल्या कित्येकांसाठीही रडतो.

कारण या कथेतला जवळजवळ प्रत्येक मोठा खलनायक हा दुःख पचवता न आलेला माणूस आहे. साउझरचं उदाहरण घ्या. तो लहान मुलांना गुलाम करून अवाढव्य पिरॅमिड बांधून घेतो. का? लहानपणी एका परीक्षेत डोळ्यांवर पट्टी बांधून समोरच्या शत्रूला मारायला त्याला सांगितलं होतं. त्याने मारलं. पट्टी काढली तर समोर त्याला वाढवणारा गुरू पडलेला. प्रेम केलं की असं दुखतं, तर प्रेमच नको, असं त्याने ठरवलं. पिरॅमिड त्या गुरूची समाधी आहे.

तोकीचं उदाहरण याच्या बरोबर विरुद्ध. केनशिरोचा हा थोरला गुरुबंधू, विद्येत त्याच्याहून सरस. युद्धाच्या दिवशी ते तिघे तळघराशी पोचतात. आत मुलं खच्चून भरलेली. फक्त दोघांना जागा आहे. तोकी केनशिरोला आणि युरियाला आत ढकलतो आणि बाहेरून दार लावतो. दार उघडतं तेव्हा तो किरणोत्सारी राखेत बसलेला असतो. नंतर तो आजारी पडतो, केस पांढरे होतात. उरलेल्या दिवसांत त्याच विद्येने तो आजाऱ्यांना बरं करत फिरतो. जपानी वाचकाला हा आजार परका नव्हता. त्याला तिथे स्वतंत्र नाव होतं, त्याची रुग्णालयं होती.

आणि या विद्येचा शेवटचा, सर्वोच्च डाव? 'मुसो तेनसेई'. तो ताकदीने येत नाही आणि सरावानेही येत नाही. ज्याने खरं दुःख वाहिलं, त्यालाच तो साधतो. केनशिरोला तो मिळतो कारण त्याने रेई, शू, तोकी यांना एकेक करून मातीत घातलं आहे. सर्वांत बलाढ्य असा राओ, तोकीचा सख्खा भाऊ, जग मुठीत घ्यायला निघालेला. त्यालाही हा डाव साधतो, पण युरियासाठी शोक केल्यावरच.

'जम्प'चं ब्रीद होतं मैत्री, परिश्रम, विजय. ही मालिका त्या साप्ताहिकातल्या सर्वांत गाजलेल्या मालिकांपैकी एक झाली आणि तिचं सर्वांत मोठं अस्त्र होतं शोक. १९८६ मध्ये राओ मेला. उभ्यानेच, मूठ आकाशाकडे करून. कथा तिथे पूर्ण झाली होती. पण खप चढता होता, म्हणून मालिका १९८८ पर्यंत आणखी शंभराहून अधिक प्रकरणं चालली. एकूण २४५ प्रकरणं, २७ खंड. नंतरचा भाग वाचताना ओढाताण जाणवते.

पांढरं रक्त

ऑक्टोबर १९८४ मध्ये तोएई कंपनीची ॲनिमे मालिका फुजी टीव्हीवर सुरू झाली. वेळ गुरुवार संध्याकाळ, सात. म्हणजे घरोघरी जेवणाची. या वेळेला फुटणारी डोकी दाखवायची कशी? तोएईने वाट काढली. शरीरं काळ्या सावल्या झाली आणि रक्त पांढरं, चमचमतं झालं. सक्तीतून आलेली ही युक्ती इतकी देखणी निघाली की पुढे तीच मालिकेची ओळख ठरली.

आवाजाने उरलेलं काम केलं. अकिरा कामिया यांचा केनशिरो बोलताना धीरगंभीर आणि लढताना चिरका. निवेदक शिगेरू चिबा पुढच्या भागाची जाहिरात करताना दर आठवड्याला जास्तच बेभान होत गेले. मरणाऱ्या गुंडांचे 'हिदेबु', 'आबेशी' असे अर्थहीन चीत्कार मुलांच्या तोंडी बसले. ज्या वाक्यावर आजचं मीम उभं आहे, तेही मूळ चित्रकथेत मोजक्याच वेळा येतं. त्याचा घोष केला तो टीव्हीने. म्हणजे भयंकर ते विनोदी व्हायची सुरुवात जपानातच, पहिल्या दोन वर्षांतच झाली होती.

१९८६ च्या चित्रपटाला वेळेचं बंधन नव्हतं. तिथे रक्त लाल झालं आणि भरपूर झालं. पण दीड-पावणेदोन तासांत शेकडो पानं कोंबताना सर्वांत आधी कापली गेली ती सावकाश माणसं. अमेरिकेने या कथेला मुख्यतः ओळखलं ते याच चित्रपटातून, आणि तिथे तिची ख्याती झाली 'तो रक्तबंबाळ जपानी सिनेमा' अशी.

खेळांमध्ये तर कथा अक्षरशः सोलली गेली. सेगाने १९८६ मध्ये जपानात काढलेला केनशिरोचा खेळ परदेशी गेला 'ब्लॅक बेल्ट' या नावाने. परवाने नव्हते, म्हणून केनशिरोच्या जागी एक कराटेवाला आला. अणुयुद्ध गेलं, वाळवंट गेलं, युरिया गेली. उरला नुसता ठोसा.

फ्रान्समधली गोष्ट सर्वांत गमतीची. तिथे ही मालिका लहान मुलांच्या 'क्लब दोरोथे' या कार्यक्रमात लागली. डबिंग करणाऱ्या कलाकारांना ती हिंसा सहन होईना. आम्हाला हवे तसे संवाद बोलू द्या, या अटीवर ते तयार झाले. मग 'होकुतो'वर कोट्या सुरू झाल्या. फ्रेंचमध्ये सुरीला म्हणतात 'कुतो', म्हणून ही प्राचीन विद्या झाली स्वयंपाकघरातली सुरी! १९८९ मध्ये सेगोलेन रोयाल या राजकारणी बाईंनी मुलांच्या टीव्हीविरुद्ध पुस्तक लिहिलं, त्यात जपानी कार्टूनवर सडकून टीका होती. एकाच देशात एकाच मालिकेला काही जण हसत होते आणि काही जण घाबरत होते. शेजारच्या इटलीत मात्र तीच मालिका 'केन इल ग्वेरिएरो' या नावाने सरळपणे दाखवली गेली आणि एका अख्ख्या पिढीने ती मनापासून पाहिली.

१९९५ चा इंग्रजी चित्रपट लवकर उरकू. टोनी रँडल दिग्दर्शक, गॅरी डॅनियल्स केनशिरो. डॅनियल्सला मारामारी उत्तम येत होती. चित्रपटाला बाकी काही येत नव्हतं.

दुसरी मूठ ओळखली ती सहकलाकारांनी. 'बर्सर्क'चा केंतारो मिउरा ही मालिका वाचत वाढला होता आणि ते ऋण त्याने उघड मान्य केलं. पुढे त्याने बुरोन्सनबरोबर कामही केलं. 'बर्सर्क'मधला राक्षसी तलवार उचलणारा नायक आठवा. तिथेही हाणामारीच्या तळाशी शोकच आहे.

नोटा परत आल्या

पहिल्या प्रकरणात वाऱ्यावर उडवलेल्या त्या नोटांचा हिशेब २००३ मध्ये पुरा झाला. सॅमी कंपनीने जपानी जुगारखान्यांसाठी केनशिरोचं स्लॉट यंत्र काढलं. सुमारे ६ लाख २० हजार यंत्रं खपली. असं यंत्र जपानात त्याआधी इतकं कधी खपलं नव्हतं. पडद्यावर केनशिरो आणि राओ लढतात. केनशिरो जोवर उभा आहे, तोवर खेळणाऱ्याच्या ताटलीत टोकन पडत राहतात. फार लांबवर टिकलात, तर राओच्या मृत्यूचं दृश्य दिसतं. ज्या दृश्यावर १९८६ मध्ये पोरं रडली, ते आता जॅकपॉटची खूण होतं. चित्रकथेचं एक पान न उघडलेल्या हजारो लोकांना केनशिरो या यंत्रावरच भेटला.

यावर नाक मुरडणं सोपं आहे. पण यानंतरची एक घटना मला अडवते. १८ एप्रिल २००७ रोजी तोक्योतल्या कोयासान पंथाच्या एका बौद्ध मंदिरात राओचा अंत्यविधी झाला. खऱ्या भिक्षूंनी केला. सुमारे तीन हजार माणसं आली. दहा दिवसांनी राओवरचा नवा ॲनिमेशनपट लागणार होता, म्हणजे सरळसरळ जाहिरात होती. जपानला याची सवय होती. १९७० मध्ये 'आशिता नो जो' या मुष्टियुद्धाच्या मालिकेतल्या रिकिइशीचा अंत्यविधी नाटककार शूजी तेरायामाने घडवून आणला होता, तेव्हा सातशेच्या आसपास लोक जमले होते.

तरीही कामाच्या दिवशी तीन हजार माणसं एका न जन्मलेल्या माणसाला निरोप द्यायला येतात, ती केवळ पोस्टर बघून नाही. वीस वर्षांपूर्वी दहा-बारा वर्षांचे असताना वाचलेलं ते पान त्यांनी जपलं होतं. जाहिरातदारांना दुःख विकता आलं, कारण ते आधीच तिथे पेरलेलं होतं.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये तोक्योच्या निस्सेई थिएटरमध्ये या कथेचं संगीत नाटक आलं, फ्रँक वाइल्डहॉर्न यांच्या संगीतासह. डोकं फुटणं रंगमंचावर दाखवणं अवघड. गाणं मात्र शोकाचं गाता येतं. म्हणून की काय, इतक्या रूपांतरांनंतर पुन्हा माणसं मध्यभागी आली. २०२३ मध्ये, चाळीस वर्षं पूर्ण होताना, नव्या ॲनिमे मालिकेची घोषणा झाली. आता टीव्हीच्या वेळेचं बंधन नाही, रक्त पाहिजे तेवढं लाल करता येईल. तिच्यात मिसुमीच्या म्हाताऱ्या पावलांना किती मिनिटं मिळतात, ते पाहायचं.

मालिकेच्या आजवर दहा कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. त्या पैशाचं एक टोक नागानोतल्या साकु या गावात निघतं. बुरोन्सनचं हे जन्मगाव. तिथल्या रस्त्यांवर आता मॅनहोलच्या झाकणांवर केनशिरो आणि राओ आहेत. पर्यटक वाकून फोटो काढतात. पण त्याच गावाला बुरोन्सनने स्वतःच्या पैशातून मोठी देणगीही दिली आहे, गावातल्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी. ते पैसे परत करायचे नसतात. जाहिरातीच्या कामाचं त्यात काही नाही, म्हणून ते मीममध्ये येणार नाही. मिसुमीला मात्र ते लगेच समजलं असतं.